चहा, पाणी आणि बाप्तिस्मा

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनात शहरातली चाळीस-पन्नास प्रतिष्ठित माणसे एका कार्यक्रमाला जमली. भाषण झाले, नमस्कार-चमत्कार झाले आणि यजमानांनी पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, तसेच बाळ गंगाधर टिळकही होते. एरवी एकमेकांवर अग्रलेख लिहिणाऱ्या दोन्ही पक्षांची मंडळी त्या दिवशी एकाच चहाला बसली. कोणी चहा घेतला, तर कोणी कप नुसता हातात धरून खाली ठेवला, असे पुढे सांगण्यात आले. मेळावा घडवून आणणारे गोपाळराव जोशी म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशींचे यजमान. गृहस्थ मोठे विक्षिप्त. त्यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभे राहिले.

प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. शास्त्र्यांची नेमणूक झाली, चौकशी झाली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगून बाजू मांडली. रानड्यांनी १८९२ मध्ये, मित्रांची अडचण नको म्हणून, प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचे बोल ऐकून घेतले.

आज हे सारे हास्यास्पद वाटते, पण त्यातली व्यवस्था नीट पाहण्यासारखी आहे. त्या काळच्या पुण्यात पाद्र्याशी वाद घालायला कोणाची हरकत नव्हती. मिशनच्या शाळेत मुलगा घातला तरी चालत असे, बायबल चाळले तरी चालत असे. रविवारी चर्चबाहेर उभे राहून प्रवचन ऐकले तरी कोणी पंचगव्य घ्यायला लावत नसे. कान मोकळे होते, डोके मोकळे होते. बंदी होती ती तोंडावर. मराठी मुलखातल्या ख्रिस्ती धर्मप्रसाराची गोष्ट समजून घ्यायची तर चर्चच्या वेदीपाशी पोचण्याआधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबावे लागते.

अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. मराठी शिकले, शाळा काढल्या, छापखाना घातला, बाजारात आणि जत्रेत उभे राहून बोलू लागले. लोक जमत, ऐकत, प्रश्न विचारत आणि घरी जात. हॉल १८२६ मध्ये दौऱ्यावर असतानाच पटकीने गेले, आणि तेरा वर्षांच्या कष्टाचा हिशोब मांडायला बसले असते तर वहीत फारसे काही लिहिता आले नसते. १८२९ मध्ये आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन वादविवादात तरबेज होते. मोरभट दांडेकरांशी त्यांची जाहीर झुंज झाली, तिच्यातून दोन्ही बाजूंच्या पुस्तिका निघाल्या. मराठी गद्याच्या दृष्टीने हा काळ मोठा सुपीक. पण वादात हरलेला माणूस प्रतिपक्षाच्या धर्मात जातो, असा अनुभव जगात फारसा कोणाला नाही. तो घरी जाऊन नवे मुद्दे शोधतो.

मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर १८५७ च्या पहिल्या महिन्यांत विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात झालेले वाद तर गर्दी खेचणारे होते. त्यांत पाद्र्यांच्या बाजूने उभे राहणाऱ्यांपैकी एक जॉर्ज बोवेन. हा माणूस वादापेक्षा राहणीसाठी जास्त लक्षात राहतो. अमेरिकेतून १८४८ मध्ये आलेल्या बोवेननी थोड्याच दिवसांत मिशनचा पगार नाकारला, बंगला सोडला आणि मुंबईच्या देशी वस्तीत अगदी साध्या खोलीत बिऱ्हाड केले. १८८८ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, ते मायदेशी परत गेले नाहीत. ‘बॉम्बे गार्डियन’ चालवीत, रस्त्यावर बोलत आणि दार उघडे ठेवून राहत. गोरे लोकही त्यांना साधू समजत. त्यांच्या हातून मोजण्याइतकी माणसे ख्रिस्ती झाली नाहीत. तरीही शेजारात राहायला आलेला पाद्री म्हणून त्यांचे नाव घेतले पाहिजे. त्यांच्याआधीचे बहुतेक जण कंपाउंडच्या भिंतीआड राहून बाहेर बोलायला येत.

पाण्याचा आणि अन्नाचा प्रश्न किती खोल होता, हे १८४३ च्या एका खटल्याने दाखवून दिले. विल्सन यांच्या संस्थेत शिकणाऱ्या नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपतही मिशनच्या घरी राहायला गेला होता. तो अल्पवयीन, म्हणून न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. त्याने बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. तरी मुलगा घरी येऊनही घरात घेता येईना, कारण तो मिशनच्या पंक्तीत जेवला होता. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन मुलाला जातीत परत घ्यावे अशी बाजू लावून धरली आणि मुंबईतल्या सनातन्यांनी आकाशपाताळ एक केले. मुलाचा विश्वास काय आहे, हे त्या वादात जवळजवळ कोणी विचारलेच नाही. त्याच्या पोटात काय गेले, एवढाच सवाल होता. मोठे बंधू नारायण शेषाद्री पुढे पाळक झाले आणि जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवून तिथे मुख्यतः अस्पृश्य समाजातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांबरोबर त्यांनी काम केले. ब्राह्मण घरात जन्मलेल्या माणसाने त्या काळी हे करणे म्हणजे काय, याचा अंदाज श्रीपतच्या खटल्यावरून बांधता येतो.

या बंदीचा नेमका उलटा वापर करणारी मंडळीही होती. मुंबईत १८४९ मध्ये निघालेल्या परमहंस सभेत दाखल होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. सभा अर्थातच गुप्त. दादोबा पांडुरंगांसारख्यांची प्रेरणा तिच्यामागे होती, सभासद सुशिक्षित होते आणि सगळे घरी जाऊन पुन्हा मुकाट्याने पाटावर बसत. पुढे सभासदांची यादी बाहेर फुटली म्हणतात आणि १८६० च्या सुमारास सभा विरून गेली. बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी या मंडळीत काही काळ वावरले. त्यांना लपूनछपून पाव खाण्याचा लवकरच कंटाळा आला असावा. १८५४ मध्ये त्यांनी उघड बाप्तिस्मा घेतला, १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिले आणि ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्या सगळ्या घालमेलीचे चित्रण केले.

पावाची धास्ती कोकणपट्टीत त्याहून जुनी. पोर्तुगीज काळात विहिरीत पावाचा तुकडा टाकून गावेच्या गावे बाटवली, ही कथा वसईपासून गोव्यापर्यंत सांगितली जाते. ती कितपत खरी, हा वेगळा विषय. पण बाटणे म्हणजे दुसरा देव मानणे नव्हे, तर दुसऱ्याचे अन्न पोटात जाणे, ही समजूत त्या कथेत गोठून राहिली आहे.

अहमदनगरात अमेरिकन मिशनचे ठाणे १८३१ मध्ये सुरू झाले. तिथली ख्रिस्ती मंडळी म्हणजे त्या काळच्या महाराष्ट्रातले एक विलक्षण ठिकाण होते. हरी रामचंद्र खिस्ती या ब्राह्मण गृहस्थाने १८३९ मध्ये तिथे बाप्तिस्मा घेतला. त्याच मंडळीत महार होते, मांग होते, आणि काळाच्या ओघात त्यांचीच संख्या मोठी झाली. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला सर्वांमध्ये फिरणार, हा नियम. आज हा विधी रविवारच्या सवयीचा वाटतो. पण गावात ज्याची सावलीही टाळली जाई, त्याच्या ओठांना लागलेला प्याला पुढे खिस्तींसारख्या माणसाच्या हातात येणे, ही केवढी गोष्ट होती! महारवाड्यात जाऊन खाटेवर बसणारा, तिथल्या माठातले पाणी मागून पिणारा उपदेशक काय सांगतो, हे ऐकायला लोक तयार झाले यात नवल नाही. त्याने तोंड उघडण्याआधीच त्याचे निम्मे सांगून झालेले असे.

मिशनच्या घराघरांत हेच चाले असे मात्र समजू नये. बंगला, व्हरांडा, कंपाउंड आणि देशी उपदेशकाचे छोटे घर यांच्यातले अंतर चालून जाण्यासारखे असले तरी ते अंतरच होते. गोऱ्या पाद्र्याच्या जेवणाच्या टेबलापाशी देशी सहकाऱ्याला किती वेळा खुर्ची मिळाली, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती लोकांनी वेळोवेळी विचारला आहे, कधी हळू आवाजात तर कधी मोठ्याने. आणि दुष्काळात तर पाहुणचाराची परीक्षाच झाली. १८७६-७७, १८९६-९७ आणि १८९९-१९०० मध्ये मिशनांनी हजारो अनाथ मुले वाचवली. त्यांतली बहुतेक ख्रिस्ती म्हणून वाढली. उपाशी मुलाच्या ताटात भाकरी वाढणारा आणि त्याला प्रार्थना शिकवणारा हात एकच असतो, तेव्हा त्या मुलाने निवड केली असे म्हणता येईल का? टीकाकारांनी हा प्रश्न विचारला तो बरोबरच होता. मात्र विचारणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतः भाकरी वाढली, हेही विचारून पाहावे.

या सगळ्या गुंत्याच्या मधोमध पंडिता रमाबाई उभ्या होत्या. इंग्लंडमध्ये वाँटेजच्या मठातल्या भगिनींकडे त्या १८८३ मध्ये गेल्या. तिथल्या भगिनी समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी आश्रयगृह चालवत. ज्यांना आपल्याकडे कोणी दारात उभे केले नसते अशा बायकांशी त्या मायेने वागताना रमाबाईंनी पाहिले आणि या वागण्यामागे काय आहे, असे त्यांनी विचारले. सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. म्हणजे त्यांच्या बाबतीतही युक्तिवादाच्या आधी एक घर आले होते. पण गंमत पुढेच आहे. ज्या घराने त्यांना ओढून घेतले, त्याच घराच्या जेवणाशी त्यांचे जमेना. रमाबाई पक्क्या शाकाहारी. पुडिंगमध्ये अंडे आहे म्हणून त्या नको म्हणत, आणि हा जातीचा अहंकार शिल्लक राहिला आहे अशी सिस्टर जेराल्डीनची तक्रार. दोघींचा पत्रव्यवहार पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आहे. ख्रिस्ती झाले म्हणून तुमच्यासारखे खाल्ले पाहिजे असे कोठे लिहिले आहे, हा रमाबाईंचा रोख त्यातून स्पष्ट दिसतो. रमाबाईंनी देव बदलला, ताट बदलले नाही. पुण्यातल्या शास्त्र्यांना आणि वाँटेजच्या भगिनींना एकाच वेळी गोंधळात टाकणारी ही बाई होती.

मुंबईत मार्च १८८९ मध्ये सुरू केलेले शारदा सदन त्यांनी १८९० च्या नोव्हेंबरात पुण्याला आणले. चहाचे ग्रामण्य नुकतेच पेटले होते. सदनात विधवा मुलींच्या खाण्यापिण्याचे जातीचे नियम पाळले जात. धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरले होते, म्हणून रानडे आणि भांडारकरांसारखी माणसे सल्लागार मंडळावर होती. रमाबाई आपल्या खोलीत मुलीबरोबर प्रार्थना करीत आणि खोलीचे दार बंद करीत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ च्या ऑगस्टमध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, ‘केसरी’ने झोड उठवली आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले.

रमाबाईंचे म्हणणे, मी कोणाला बोलावले नाही, पण दारही लावून घेणार नाही. विरोधकांचे म्हणणे, बारा-चौदा वर्षांच्या पोरीला जगात जिच्याकडूनच माया मिळते, तिचे उघडे दार हेच आमंत्रण. दोन्ही बाजूंना तथ्य होते. मायेने केलेला धर्मप्रसार आणि मायेच्या आड केलेला धर्मप्रसार यांत फरक असतो. तो फरक यजमानाला दिसतो तितका बाहेर उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही, आणि कधीकधी यजमानालाही दिसत नाही. पुढे केडगावात मुक्ती मिशन उभे राहिले. दुष्काळात तिथे जवळपास दोन हजार स्त्रिया आणि मुली राहिल्या. केडगावचा धर्म उघड ख्रिस्ती होता. सदनातली संदिग्धता तिथे उरली नाही आणि पुण्यातले जुने मित्रही उरले नाहीत.

नारायण वामन टिळकांची गोष्ट रेल्वेच्या डब्यात सुरू होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना, १८९३ मध्ये, डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. त्याने या तरुण कवीशी संस्कृत काव्यावर आदराने गप्पा मारल्या, त्याचे म्हणणे ऐकून घेतले आणि उतरताना नवा करार हातात ठेवला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही म्हणाला. त्याचे नाव टिळकांना शेवटपर्यंत कळले नाही. टिळक एव्हाना हिंदू धर्माच्या चिकित्सेत बुडालेले होते, आणि डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना गाठले हे खरे. तरीही गोऱ्या माणसाने बरोबरीच्या नात्याने केलेल्या त्या तासाभराच्या गप्पांचा वाटा लहान नव्हता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. अमेरिकन मिशनचे जस्टिन अॅबट हे त्यांचे स्नेही. या स्नेहाचा प्रवाह एकाच दिशेने वाहिला नाही. हेच अॅबट उत्तरायुष्यात महाराष्ट्राच्या संतकवींचे इंग्रजी अनुवाद करत बसले. एकनाथ, बहिणाबाई आणि तुकाराम हे सारे परदेशी वाचकांपुढे गेले, ते या निवृत्त मिशनऱ्याच्या मेजावरून.

टिळकांच्या बाप्तिस्म्याची खरी किंमत मात्र लक्ष्मीबाईंनी मोजली. नवरा ख्रिस्ती झाला आणि त्या लहान मुलाला घेऊन नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. काही वर्षांनी नगरला नवऱ्याजवळ आल्या, त्या आपले पाणी वेगळे आणि आपली चूल वेगळी ठेवून. टिळकांनी ओढाताण केली नाही. हा मुद्दा ‘स्मृतिचित्रे’ वाचताना चटकन निसटतो, कारण लक्ष्मीबाई प्रत्येक प्रसंग विनोदाने सांगतात. घराबाहेर तावातावाने बोलणारे आणि शीघ्रकोपी म्हणून प्रसिद्ध असलेले टिळक घरातल्या त्या दुसऱ्या चुलीला हात लावत नाहीत. लक्ष्मीबाईंचे सोवळे सुटले ते एका रात्री, त्यांच्या स्वतःच्या विचाराने. देवाने माणसे केली, जाती माणसांनी केल्या, मग मी कोणाचे पाणी टाळते आहे? सकाळ झाली तशा त्या कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. त्यांच्या कथेत पाणी आधी आहे आणि धर्म मागून, हा क्रम पाहण्यासारखा आहे.

यानंतरचे नगरचे टिळकांचे घर म्हणजे एक धर्मशाळाच होती. दुष्काळातली अनाथ मुले, परगावचे कवी, शिकायला आलेले विद्यार्थी, नोकरी गेलेले ओळखीचे आणि ओळख नसलेले. टिळकांच्या खिशात पैसा टिकत नसे, आणि पाहुणा आणला की त्याला काय वाढायचे ही चिंता लक्ष्मीबाईंची. आदरातिथ्याच्या गोष्टी लिहिताना लोक यजमानाचे गुणगान करतात आणि चुलीपाशी बसलेलीचे नाव विसरतात. ‘स्मृतिचित्रे’मुळे मराठीत निदान एका घराच्या बाबतीत तसे झाले नाही.

याच घरात बालकवी राहिले. जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनात कोवळ्या वयाच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांच्या कवितेने सगळ्यांना चकित केले आणि टिळकांनी या मुलाला जवळ केले. लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या मुलासारखे वागवले, त्यांचे हट्ट पुरवले, भांडणेही केली. महाराष्ट्रातला सर्वांत नावाजलेला ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि त्याच्या घरात राहणारा, त्याच्यावर जीव टाकणारा हिंदू तरुण. ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी तसे व्हावे म्हणून कोणी त्यांच्या मागे लागल्याचे लक्ष्मीबाईंच्या लिखाणात जाणवत नाही. १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, तेव्हा टिळकांच्या घरातला मुलगाच गेला होता. मिशनच्या वार्षिक अहवालात अशा नात्याला रकाना नसतो. म्हणून त्या अहवालांवरून लिहिलेल्या इतिहासात टिळकांचे घर जेवढे दिसते, त्याहून ते बरेच मोठे होते.

टिळकांनी पंगतीबरोबर ओसरीचाही विचार केला. हिंदू माणूस संध्याकाळी कशाला थांबतो? कीर्तनाला. नगरच्या ख्रिस्ती मंडळींत कीर्तनाची परंपरा टिळकांच्या आधीच रुजली होती, आणि कृष्णराव सांगळे यांचे नाव त्या संदर्भात आवर्जून घेतले जाते. टाळ-मृदंग, पूर्वरंग, उत्तररंग, अभंग, ओव्या सगळे तेच, आख्यान येशूचे. टिळकांनी या साच्यात शेकडो पदे आणि अभंग ओतले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. आज मराठी चर्चमध्ये गायली जाणारी कितीतरी गीते त्यांची आहेत. लक्ष्मीबाईही कीर्तने करीत. आवाज चढवून पापाची भीती घालणाऱ्या उपदेशकाला लोक बाजारात टाळत. कीर्तनकाराला मात्र ते घरचे पान देत.

आणि शेवटी टिळकांना मिशनचे घरसुद्धा लहान पडले. १९१७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, पगार सोडला, साताऱ्याला जाऊन ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात यावेत, ही कल्पना. चर्चमधल्या अनेकांना ती पचली नाही. बाप्तिस्मा नको तर मग आपण शंभर वर्षे काय करतो आहोत, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. टिळकांना उत्तर द्यायला फार वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही.

कल्पना मात्र टिकली, आणि ती उचलली एका इंग्रजाने. जॅक विन्स्लो १९१४ पासून नगर भागात अँग्लिकन मिशनचे काम करत होते. टिळकांचा त्यांच्यावर इतका प्रभाव होता की त्यांनी १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहून काढले. त्याच्या आदल्या वर्षी, १९२२ मध्ये, त्यांनी ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. इंग्रज आणि भारतीय एका छपराखाली राहणार, खादी घालणार, जमिनीवर बसून हाताने शाकाहारी जेवणार. बंगल्यातली खुर्ची काढून पाट मांडला, एवढ्यावरच सरकारी गोऱ्यांचे डोळे वटारले गेले, कारण खादी घातलेला इंग्रज म्हणजे गांधींचा माणूस. पुढे संघाचा आश्रम पुण्यात शिवाजीनगरला आला.

तिथे १९२७ च्या अखेरीस ऑक्सफर्डमधून व्हेरियर एल्विन आले. आल्यावर थोड्याच दिवसांत, जानेवारी १९२८ मध्ये, साबरमतीला निरनिराळ्या धर्मांच्या लोकांची मैत्री परिषद भरली. विन्स्लो आणि एल्विन दोघेही गेले. गांधींनी तिथे आपली भूमिका मांडली की दुसऱ्याने आपल्या धर्मात यावे अशी मनात गुप्त इच्छासुद्धा बाळगू नये, हिंदू अधिक चांगला हिंदू व्हावा आणि ख्रिस्ती अधिक चांगला ख्रिस्ती. मिशनच्या माणसाच्या पायाखालची जमीन सरकावी असे हे बोलणे. विन्स्लो ख्रिस्ताची साक्ष द्यायची या मतावर ठाम राहिले, पण मैत्री सोडली नाही. एल्विन मात्र हलले ते कायमचे.

संघात शामराव हिवाळे नावाचा मराठी ख्रिस्ती तरुण होता. एल्विन आणि शामराव जानेवारी १९३२ मध्ये मध्य प्रांतातल्या मंडला जिल्ह्यात करंजिया भागात गोंडांच्या वस्तीत राहायला गेले. शाळा, दवाखाना, कुष्ठरोग्यांसाठी जागा. एल्विननी ठरवले होते की इथे कोणाला ख्रिस्ती करायचे नाही. नागपूरच्या बिशपना हे मान्य होईना. अधिकृत परवाना हवा असेल तर धर्मप्रसार करावा लागेल, असा आग्रह. ताणाताण वाढत गेली आणि १९३५ मध्ये एल्विन चर्चमधूनच बाहेर पडले. माणसे जोडत जोडत धर्म सांगायला निघालेला हा प्रवास, एल्विनच्या बाबतीत तरी, माणसे उरली आणि धर्म गळाला अशा जागी येऊन पोचला. पुण्यातल्या काही जुन्या सहकाऱ्यांनी याला अपयश मानले. तसे ते होतेच, मोजमाप चर्चचे असेल तर.

शामरावांची गोष्ट इंग्रजी चरित्रांत एल्विनच्या सावलीत राहते. ती थोडी बाजूला काढून पाहावी. एल्विन पुस्तके लिहीत, दौरे करीत. दवाखान्याच्या दारात बसणारे, गोंड बायकांच्या तक्रारी ऐकणारे, लग्नाला आणि मयताला जाणारे शामराव. गावकऱ्यांचे ते ‘छोटे भाई’ झाले आणि एल्विन ‘बडे भाई’. परधान समाजावरचा शामरावांचा इंग्रजी ग्रंथ १९४६ मध्ये निघाला. एल्विन पुढे ईशान्य भारतात गेले. शामराव मंडल्यातच राहिले. आणि त्यांचे बंधू भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये, ज्या नगरात खिस्तींनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई आपली वेगळी चूल घेऊन आल्या, तिथे अहमदनगर कॉलेज सुरू केले. सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी ते उघडे होते. जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून पहिल्यांदाच कॉलेजात पाऊल टाकणारी कितीतरी मुले त्यात शिकली.